पोपटी ब्लाऊज पीस

लग्न करून परभणीत आले, तेव्हा पहिल्या महिन्यात मला जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे बोर्डाच्या परीक्षेतही कुणी विचारले नव्हते. कुण्या गावच्या? माहेरी कोन कोन हाय? लेकरं किती? न्हाईत? कामून न्हाईत? रिक्षावाला विचारी, भाजीवाली विचारी, गॅसची टाकी आणणारा तर टाकी खांद्यावरून उतरवायच्या आधीच विचारी. आम्ही कोकणातली माणसं. शेजाऱ्याचा मुलगा मुंबईहून आला तर आम्ही गडग्याआडून, म्हणजे दगडी कुंपणाआडून, बघून घेतो, बॅगा किती आहेत त्यावरून किती दिवस राहणार याचा अंदाज बांधतो, पण तोंडानं विचारत नाही. इथे सगळं तोंडावर. मला वाटायचं, या माणसांना कामधंदे आहेत की नाहीत.

मग मामा भेटले आणि कळलं की आधीचे सगळे नुसते उमेदवार होते.

मामा माझे कुणी नव्हते. तसे ते कुणाचेच नव्हते आणि अख्ख्या जिल्ह्याचे होते. त्यांची एक छोटी संगीत पार्टी होती. स्वतः मामा पेटीवर, बालाजी ढोलकीवर, एक कीबोर्डवाला, एक गाणारा, एक गाणारी आणि एक टेम्पो. जत्रा, गणपती, नवरात्र, कुणाची पुण्यतिथी, कुणाच्या नातवाचं बारसं, जिथे बोलावतील तिथे भक्तिगीतं आणि लोकगीतं. त्यांची गाणारी लग्न होऊन पुण्याला गेली आणि जागा रिकामी झाली, हे माझ्या नवऱ्याला ऑफिसात कळलं. नवरा इथल्याच पिंगळी गावचा, बोलण्यात गरीब, पण बायको दिवसभर भिंतींशी भांडते हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्यानंच मला मामांच्या तालमीच्या खोलीवर नेलं.

मामा सतरंजीवर बसले होते. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट आणि शेजारी एका पायमोज्यात घालून ठेवलेला मोबाईल. धूळ जाऊ नये म्हणून पायमोजा. त्या मोबाईलमध्ये माणसांची नावं नव्हती, गावं होती. सेलू लेक. पालम लेक थोरली. मला हे नंतर कळलं. त्या दिवशी मी सा लावला आणि त्यांनी भात्यावरचा हात उचलला.

"माहेर कुठलं?"

"राजापूर तालुका. कोकण."

"लांब हाय. जानं-येनं?"

"नाही."

"कामून?"

मी वैतागले. म्हटलं, "तुम्हाला गाणारी हवी आहे की जनगणना करायची आहे?"

मामा हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. "गानारीच पाहिजे, ताई. पन गानारीला माहेर असतंय की."

आणि का कोण जाणे, इथे कुणालाच न सांगितलेली गोष्ट मी या माणसाला सांगून टाकली. आई मी लहान असतानाच गेली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला एकट्यानं वाढवलं. ते आमच्या गावच्या भजनी मंडळाचे बुवा. गाणं त्यांनीच शिकवलं. परभणीच्या मुलाशी लग्न करते म्हटल्यावर ते एकच वाक्य बोलले, "एवढ्या लांब निघालीस, तर आता तिथलीच हो." त्यानंतर बोलणं बंद. मी फोन केला तर उचलत नसत.

मामांनी यावर हळहळीचा एक शब्द काढला नाही. "काळी चार ना?" एवढंच म्हणाले आणि पेटीवर तो सूर धरला.

पहिला कार्यक्रम जिंतूरच्या पुढे एका गावात होता, संध्याकाळी सातचा. आम्ही पाचलाच पोचलो. मला वाटलं, चला, शिस्त आहे. टेम्पो पाराशी थांबला. मामा खाली उतरले आणि माईक-बिईक सोडून पारावरच्या म्हाताऱ्याला विचारायला लागले, "राम राम. आमच्या पिंपळगावची लेक हितं कोनाच्या घरात दिली हो?"

पिंपळगाव म्हणजे मामांचं गाव, जिंतूर तालुक्यातलंच. तिथली मुलगी ज्या गावात दिली असेल, त्या गावात गेलं की आधी तिच्या दारात जायचं, हा मामांचा नेम. ती नात्यातली असो नसो, जातीतली असो नसो, कालपरवा लग्न झालेली असो की नातवंडांची आजी असो. गावची लेक ती आपली बहीण, आणि बहिणीला न भेटता पेटी उघडली तर सूर लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. या सगळ्या बायकांची पोरं त्यांना मामा म्हणायची, पोरांची पोरंही मामाच म्हणायची. हळूहळू जिल्हाच म्हणायला लागला.

तर आम्ही सगळे वऱ्हाडासारखे त्या लेकीच्या घरी. बाज टाकली, पाणी आलं. "च्या घेता?" मी म्हटलं, "नको." आमच्याकडे नको म्हणजे नको असतं. इथे नको म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, कारण ते कुणाला ऐकूच येत नाही. चहा आला. मग शेजारणीनं बोलावलं, तिथे चहा. मग पहिल्या घरच्या सासूला वाईट वाटू नये म्हणून परत पहिल्या घरी धपाटे आणि दही. मामा निवांत. पिंपळगावात कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची म्हैस व्याली, मारुतीच्या देवळाला कुठला रंग दिला, सगळं सांगत बसले. ती बाई हनुवटीला हात लावून ऐकत होती. मी घड्याळ बघत होते. शेवटी म्हटलं, "मामा, सात वाजले."

"गानं काय, उद्या बी म्हनता येतंय, ताई. च्या थंड होतो."

निघताना त्यांनी पिशवीतून एक ब्लाऊज पीस काढून तिच्या हातावर ठेवला. पोपटी रंगाचा. ही पिशवी टेम्पोत कायम असायची. जिंतूरच्या कुठल्याशा दुकानात न खपलेले पोपटी कापडाचे तागेच्या तागे मामांनी कधीकाळी उचलले होते आणि तेव्हापासून जिल्ह्यातल्या तमाम पिंपळगावच्या लेकी पोपटी झाल्या होत्या. कार्यक्रमाला मामा त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे. गणवेशातल्या शाळेसारख्या दिसायच्या. मी एकदा म्हटलं, "मामा, रंग तरी बदला. मी मेले तरी हा रंग घालणार नाही."

"तुमाला कोन द्यायलंय?" मामा म्हणाले.

खरंच होतं. मी कुठे पिंपळगावची. पण ते वाक्य मला दोन दिवस लागून राहिलं, रंग आवडत नसूनसुद्धा.

गाणं चालू असताना गाणाऱ्याला हात लावू नये, हेही इथे कुणाला मान्य नाही. आमच्याकडे अण्णांच्या भजनात कुणी खोकलं तरी अण्णा थांबून त्याच्याकडे बघायचे. इथे मी अंतऱ्यात होते, डोळे मिटलेले, सूर छान जमून आलेला, आणि कपाळाला काहीतरी गार लागलं. डोळे उघडले तर समोर एक आजी कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या. त्यांच्यामागे आणखी बायका, नारळ-तांदूळ घेऊन, माझी ओटी भरायला. मी घाबरून मामांकडे बघितलं. ते पेटी न थांबवता म्हणाले, "पदर पुढं करा."

"अहो, अंतरा..."

"अंतरा कुठं जातो? मी धरून ठेवतो. ओटी आधी."

आणि खरंच त्यांनी ती एक ओळ पेटीवर घोळवत घोळवत धरून ठेवली, शेवटच्या बाईचं हळदीकुंकू होईस्तोवर. मग मी ओटीतला नारळ सांभाळत पुढचा अंतरा म्हटला. समोर लोक खूश. त्यांच्या दृष्टीनं कार्यक्रम आत्ता कुठे सुरू झाला होता.

टेम्पोत माझी आणि मामांची भांडणं ठरलेली. मी म्हणायची, असं न सांगता सवरता लोकांच्या घरात कसे शिरता? आमच्याकडे अंगणाला बेडं असतं, म्हणजे लाकडी फाटक. बेड्यापाशी उभं राहायचं, हाक मारायची, आतून कुणी "कोण?" म्हटलं, या म्हटलं, की मग आत जायचं.

मामांना हे फार गमतीचं वाटलं. "आन् आतून कोनी बोललंच न्हाई तर?"

"तर उभं राहायचं."

"किती येळ?"

"ते ज्याचं त्यानं ठरवावं."

पुढे कितीतरी गावांत ते ही गोष्ट चहाबरोबर सांगायचे. "आमच्या ताईच्या गावात पाव्हणा भायेर वाळत घालतेत." बायका हसायच्या आणि मग माझ्याकडे वळून मोठ्या आपुलकीनं विचारायच्या, तुमचं गाव कसंय, घर कसंय, दारात काय हाय. मी रागारागात सांगायची. एस.टी. थांब्यापासून उतार, वळणावर फणस, विहिरीपाशी रातांब्याचं झाड, मग गडगा, मग बेडं. रागात सुरू केलेलं सांगता सांगता पदर डोळ्यांना लावावा लागायचा. मामा तेव्हा दुसरीकडे बघत असायचे.

"हॅलो, हॅलो, चेक" असं मामा जन्मात कधी म्हणाले नाहीत. माईक लावला की तो आधी गावच्या लेकीच्या हातात. "बोल माय, काय बी बोल." बायका लाजायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बरं हाय सगळं." ते भोंग्यातून गावभर जायचं, पार शेतापर्यंत. "आवाज बराबर हाय," मामा म्हणायचे आणि पेटीकडे वळायचे. मला हा नुसता चाळा वाटायचा. त्या "बरं हाय"वरून ना बास कळायचा ना ट्रेबल.

राणीसावरगावची लेक अगदी नवी होती, मागच्याच उन्हाळ्यात लग्न झालेली. तिनं माईक हातात घेतला आणि काही बोललीच नाही. लोक हसायला लागले, कुणीतरी "बोल की गं" म्हणालं. ती नुसती माईककडे बघत उभी. मामांनी वाट बघितली, मग हळूच माईक परत घेतला. त्या दिवशी त्यांनी सगळी गाणी एकही चूक न करता वाजवली आणि त्यामुळेच मला चुकल्यासारखं वाटत राहिलं, कारण एरवी ते मध्येच कुणाला तरी हाका मारत, गप्पा मारत वाजवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिंपळगावला गेले आणि तिच्या भावाला घेऊन परत राणीसावरगावला आले. तिथे कोण काय बोललं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढच्या जत्रेला ती पहिल्या रांगेत होती, कडेवर लेकरू. माईक घेऊन म्हणाली, "आता बरं हाय." मी तेव्हापासून बास आणि ट्रेबलबद्दल बोलणं बंद केलं.

गंगाखेडकडे एकदा वेगळीच तऱ्हा झाली. लोकांनी पिंपळगावच्या लेकीचं घर दाखवलं, पाणी झालं, चहा झाला, ब्लाऊज पीस हातावर पडला आणि मामांनी गावाकडच्या बातम्या सुरू केल्या. मारुतीचं देऊळ, खालची विहीर, कुणाचा मारका बैल. ती बाई बराच वेळ हो-हो करत ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "दादा, आमच्याकडं मारुती न्हाई. महादेव हाय." ती दुसऱ्याच पिंपळगावची निघाली, गोदावरीच्या पल्याडच्या. बालाजी आणि मी हसू दाबत भिंतीकडे तोंड करून उभे.

मामांनी आम्हा दोघांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "तिकडचं कोनी येतंय का कधी?"

"कोन येनार, दादा. लांब पडतंय."

"मंग झालं की," मामा म्हणाले आणि महादेवाच्या देवळाला पत्रे टाकलेत का, याची चौकशी करायला लागले. तेव्हापासून ते दुसरं पिंपळगावही त्यांनी आपल्यात धरलं. परतताना बालाजी म्हणाला, "आता मेलो आपन. म्हाराष्ट्रात किती पिंपळगावं हायत, मोजा बरं."

हे सगळं कशासाठी, असं विचारलं तर मामा दर वेळी वेगळं कारण सांगायचे. एकदा म्हणाले, आज्यानं मरताना शपथ घातली. एकदा म्हणाले, घरी मामीच्या हातचा चहा पांचट असतो, म्हणून. मामी पिंपळगावला शेत बघायच्या, त्यांच्यापर्यंत हे पोचलं. त्या मला म्हणाल्या, "जगाच्या लेकीकडं च्या प्यायला येळ हाय. घरात बायको कप घेऊन उभी ऱ्हाती, तो थंड झाला तरी चालतंय." तिसरं कारण एका दुपारी टेम्पो पंक्चर झाला तेव्हा कळलं. मामांची थोरली बहीण लांब निजामाबादकडे दिली होती. तिकडे गावची दुसरी लेक नव्हती, कुणाचं जाणं-येणं नव्हतं. "ती गेली ते आमाला तेरवी झाल्यावर कळालं," मामा म्हणाले. "तिला इचारायला कोनी नव्हतं, ताई. दुसरं काय न्हाई, नुसतं इचारायला." मग त्यांनी पाना नीट धरत नाही म्हणून बालाजीला झापलं. तिन्हींतलं मला हेच खरं वाटतं.

एका पावसाळ्याच्या शेवटी पेटीचे सूर उतरले, म्हणून मामा ती घेऊन मिरजेला गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले आणि आठवडा झाला तरी पत्ता नाही. पायमोज्यातला फोन बंद. मामींना विचारलं तर म्हणाल्या, "येतेल. वाटंत कोन्या लेकीचं घर लागलं असंल." मिरजेकडे पिंपळगावची लेक कुठून आली? पण मामांचं काय सांगावं.

मग एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, दार उघडंच होतं, आणि बाहेरून आवाज आला, "येऊ का?"

आवाज ओळखीचा, पण शब्द ओळखीचे नव्हते. मामा माझ्या घरी कितीदा यायचे, थेट स्वयंपाकघरात येऊन "काय शिजायलंय?" म्हणायचे. आज ते उंबऱ्याबाहेर उभे होते, हातात पिशवी, चपला काढलेल्या.

"या ना मामा, असे काय उभे?"

"तुमच्या गावची पद्धत हाय ना. आतून या म्हन्लं की मग यायचं."

ते आत आले, पाणी प्यायले आणि पिशवीतून एक पोपटी ब्लाऊज पीस काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी कापडाकडे बघू की त्यांच्याकडे बघू.

"तुमच्या गावाकडून आलो," मामा म्हणाले. "तुमच्या बापाच्या हातचं पानी पिऊन आलो. मग लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मिरजेहून कोल्हापूर, तिथून घाट उतरून राजापूर, तिथून आमची गाडी. थांब्यापासून उतार, फणस, रातांबा, गडगा. सगळं त्यांच्या लक्षात होतं. बेड्यापाशी उभं राहून त्यांनी हाक मारली. अण्णा मागे बागेत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मामा उभे राहिले. पाऊस आला, तरी उभेच राहिले. ज्या माणसानं उभ्या जिल्ह्यात कुणाचं दार वाजवलं नव्हतं, तो माझ्या बापाच्या दारात भिजत उभा राहिला.

"आत पडवीत तरी जायचं, मामा."

"तुमीच म्हन्लं होतं, न बोलावता जायचं न्हाई. लय येळ उभा ऱ्हायलो. मंग आले. कोन म्हन्ले. म्हन्लं, परभनीहून आलो, तुमची लेक माझ्याकडं गाती. नुसते बगत ऱ्हायले. मग आत नेलं, गूळ-पानी दिलं."

"काय बोलले?"

"काहीच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हन्जे न्हाईच. मीच बोललो. तुमी काय खाता, गाडीत कशा भांडता, ओटी भरताना कशा भेता, सगळं सांगितलं. ते ऐकायलेत. मुक्काम झाला. सकाळी बेड्यापस्तोर सोडायला आले, तवा एक इचारलं."

"काय?"

"अजून काळी चारलाच गाती का."

मी रडले. तांदळाचं ताट मांडीवर तसंच, आणि मी ढसाढसा रडले. मामांना बायकांचं रडणं बघवत नसे. ते उठून स्वतःच चहा करायला गेले आणि साखर कुठाय, पत्ती कुठाय म्हणून आतून ओरडत राहिले.

संध्याकाळी मी अण्णांना फोन केला. उचलला. "अण्णा, मी," म्हटलं. "हं," म्हणाले. नवरा म्हणाला, "हं तर हं. चांगलंय की." त्यानंतर ते फोन उचलायला लागले, पण हं-च्या पुढे गाडी जाईना. ये म्हणाले नाहीत, येतो म्हणाले नाहीत.

पोपटी ब्लाऊज मी शिवला. त्याला शोभेल अशी साडी या पृथ्वीवर नाही. पुढच्या कार्यक्रमाला तो घालून गेले तर मामांनी माईक लावला आणि आधी माझ्या हातात दिला. "बोला."

सगळ्या बायका काय म्हणतात ते मला पाठ होतं. पण अण्णांचं ते हं आठवलं. मी म्हटलं, "हॅलो, चेक."

मामांनी माईक परत घेतला. "आवाज बराबर न्हाई," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. होईल."

त्यानंतर माझ्याजवळ तो विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही नाही. कार्यक्रम होत राहिले, चहा होत राहिले. मला "नको" म्हणायची सवय सुटली. बाजारात एखादी अनोळखी बाई भेटली तर मीच आधी विचारायला लागले, कुण्या गावच्या?

मामा गेले ते दोन वर्षांपूर्वी, चैत्रात. दुपारी जेवून लिंबाखाली बाजेवर पडले ते उठलेच नाहीत. तेरवीला आम्ही सगळे पिंपळगावला. मी आयुष्यात एवढा पोपटी रंग एका जागी पाहिलेला नाही. एस.टी.नं, टेम्पोनं, मुलांच्या मोटारसायकलींवर मागे बसून बायका येत होत्या. राणीसावरगावची आली, गंगाखेडकडची महादेववाली आली. दोन्ही पिंपळगावच्या लेकींनी अंगण भरलं. मामी सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "एक बहीन गेली म्हनून जन्मभर झुरला. बगा केवढ्या जमवल्या." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी सगळ्यांना चहा मिळाला का ते विचारलं.

तेवढ्यात बालाजी आला. "मामी, भायेर एक म्हातारं मानूस उबं हाय. आत या म्हन्लं तर येईना. म्हनतंय, घरच्या कोनी बोलवू दे."

मी वळून बघितलं. फाटकाबाहेर, परभणीच्या त्या उन्हात, पांढरा सदरा घातलेले अण्णा उभे होते. काखेत काळी छत्री, तीही मिटलेली. उन्हाला उघडायची असते हे कोकणात कुणी शिकवलेलं नसतं. मामीच उठून गेल्या, मी त्यांच्यामागे कशीतरी.

"कोन पाव्हणं?" मामी म्हणाल्या. "कुण्या गावचं?"

अण्णांनी मामींना नमस्कार केला. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या त्या भयंकर पोपटी ब्लाऊजकडे बघितलं.

"मी हिच्या माहेरचा," अण्णा म्हणाले.

मामींनी काही न विचारता त्यांचा हात धरून आत आणलं, मामांच्या बाजेवर बसवलं. मी खाली बसले. मग अण्णा जमिनीकडे बघत बोलायला लागले. "आमच्याकडे पाणी प्यायलेला माणूस. यायला हवं होतं. दर एकादशीला फोन करायचा. तू कुठे गायलीस, काय खाल्लंस, घसा बसलाय का, सगळं सांगायचा. परवा त्याच फोनवरून बालाजी म्हणून कुणी बोलला." ते थांबले. "गेल्या एकादशीला फोन आला नाही, तेव्हाच मला वाटलं होतं."

मला यातलं काही माहीत नव्हतं. मामांनी मला कधी सांगितलं नव्हतं आणि अण्णांच्या हं-मध्ये ते कधी ऐकू आलं नव्हतं.

एक पोपटी बाई चहा घेऊन आली. अण्णा म्हणाले, "नको." तिनं कप त्यांच्या हातात दिला आणि पुढे गेली. अण्णांनी गोंधळून कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "प्या. थंड होईल."

त्यांनी एक घोट घेतला. मग आयुष्यात पहिल्यांदाच, इथल्या माणसांसारखं तोंडावर विचारलं, "बरं आहे ना गो तुझं सगळं?"

"बरं हाय," मी म्हटलं. "बरं हाय, अण्णा."